पटकीच्या रुग्णाची पारख

पटकी झालेल्या माणसाच्या शरीरातून पाणी जाते आणि पाण्याबरोबर क्षारही जातात. रोग तीव्र असल्यास प्रौढ रुग्णाच्या जुलाबांवाटे तासाला एक लिटरपर्यंत द्रव बाहेर पडतो. नाडी क्षीण होते, हातपाय गार पडतात, आणि उपचार न झाल्यास काही तासांतच रुग्ण दगावतो. अशा वेळी जंतूंचा शोध घेत बसण्यास वैद्याला सवड नसते. शरीरातील पाणी किती गेले, हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न होय.

त्याचे उत्तर डोळ्यांनी व हातांनी मिळते. पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडावी. निरोगी माणसाची कातडी तत्काळ पूर्ववत होते. दोन सेकंदांनंतरही चुणी तशीच राहिली, डोळे खोल गेलेले दिसले, रुग्ण गुंगीत असला व त्याला पाणी पिणेही जमेनासे झाले, तर शिरेतून सलाईन देण्यास क्षणाचाही विलंब लावू नये. प्रौढाला वजनाच्या दर किलोस १०० मिलिलिटर द्रव तीन तासांत द्यावा लागतो. पैकी ३० मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासातच. याउलट जो तळमळतो आणि अधाशीपणे पाणी मागतो, तो अजून पिऊ शकतो. त्याला सुईची गरज बहुधा नसते.

या भेदाचे मोल १९७१ साली बनगाव येथे दिसून आले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लाखो निर्वासितांत पटकी पसरली होती. सरहद्दीजवळील त्या लहान रुग्णालयात पटकीसाठी दोन खोल्या व १६ खाटा होत्या. बाकीचे रुग्ण जमिनीवर पडलेले. सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी तो अत्यवस्थ रुग्णांसाठी राखला आणि इतरांना द्रावण पाजण्यास सांगितले. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढेच त्याचे घटक! ते पाजणारे हात बहुधा रुग्णांच्या आप्तांचे होते. अशिक्षितांच्या हाती हा उपाय देणे कित्येक तज्ज्ञांना धोक्याचे वाटे. परंतु जेथे पूर्वी शेकडा २० ते ३० रुग्ण दगावत, तेथे हे प्रमाण शेकडा ४ च्या खाली आले.

यात ग्लुकोज कशासाठी? पटकीच्या विषामुळे आतडे पाणी व क्षार बाहेर टाकीत राहते. मात्र ग्लुकोज आत घेण्याची त्याची शक्ती शाबूत असते. ग्लुकोज आत जाताना सोडियमला बरोबर नेते, व सोडियमच्या मागोमाग पाणी जाते. नुसते पाणी पाजून हे साधत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली या मिश्रणातील मीठ व ग्लुकोज यांचे प्रमाण कमी केले. जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावी. पाणी कमी घेतल्यास क्षारांचे प्रमाण वाढून लहान मुलांना अपाय होतो. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात तर ते मुळीच ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत उतरते.