स्टॅग्नेशन म्हणजे काय? अर्थ, वापर आणि आपला एक शेरा



आजचा शब्द आहे स्टॅग्नेशन. डी.एड., बी.एड. करताना आपल्यापैकी अनेकांनी तो पाठ केलाय. मुलांना तो पेपरच्या अर्थविषयक पानावर भेटतो. पण 'स्टॅग्नेशन म्हणजे थांबणे' एवढं सांगून आपण पुढे जातो आणि तिथेच गडबड होते.

शब्दाचे मूळ

लॅटिन भाषेत स्टॅग्नम म्हणजे तळे, साचलेले पाणी. त्यावरून स्टॅग्नंट हे विशेषण, स्टॅग्नेट हे क्रियापद आणि स्टॅग्नेशन हे नाम. उच्चारताना जोर 'ने' वर द्यायचा. मराठीत साचलेपणा किंवा कुंठितावस्था.

मुलांना सांगताना डेंग्यूचं उदाहरण घ्या. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असं आपल्याला सांगतात, ते का? एडिस डासाच्या अंड्यातून पूर्ण डास तयार व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. त्याआधी भांडी रिकामी केली की साखळी तुटते. गंमत म्हणजे हा डास स्वच्छ पाण्यातही वाढतो. म्हणजे पाण्यात दोष नाही, ते एका जागी पडून राहिलं हे कारण.

जवळचे शब्द, पण अर्थ वेगळे

1. स्टिलनेस : शांतता, निश्चलता. पहाटेच्या तळ्याची असते ती. हा शब्द बहुधा चांगल्या अर्थाने येतो.
2. पॉज : थोडा वेळ थांबणे, पुन्हा सुरू होण्यासाठी.
3. स्टँडस्टिल : एकदम ठप्प. मोठ्या पावसात लोकल बंद पडल्या की 'मुंबई केम टू अ स्टँडस्टिल' म्हणतात. इथे स्टॅग्नेशन चालणार नाही.
4. स्टॅग्नेशन : बराच काळ वाढ नाही, बदल नाही.

वापर

हे नाम सहसा अगणनीय असते. काळ सांगायचा तर 'अ पिरियड ऑफ स्टॅग्नेशन' असे लिहावे. 'इकॉनॉमिक स्टॅग्नेशन' म्हणजे अर्थव्यवस्थेची वाढ खुंटणे. सोबत महागाईही वाढत असेल तर 'स्टॅगफ्लेशन'. हा जोडशब्द 1965 मध्ये इयान मॅक्लाऊड यांनी ब्रिटिश संसदेत वापरला आणि पुढे रूढ झाला.

शिक्षणातला स्टॅग्नेशन

1929 च्या हार्टोग समितीच्या अहवालात दोन शब्द जोडीने आले : वेस्टेज आणि स्टॅग्नेशन. प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्याआधीच मूल शाळेतून काढून घेणे म्हणजे वेस्टेज, आणि खालच्या वर्गात एका वर्षापेक्षा जास्त काळ राहणे म्हणजे स्टॅग्नेशन. आपण त्यांना गळती आणि स्थगन म्हणतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला फेरपरीक्षेनंतर मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. म्हणजे हा जुना शब्द पुन्हा आपल्या टेबलावर आलाय.

म्हणून एक अनुभव सांगतो. चौथीच्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला, 'वाचनात प्रगती खुंटली आहे.' त्याची आई भेटायला आली. म्हणाली, "सर, घरी तर तो धाकट्या बहिणीला रोज गोष्ट वाचून दाखवतो." मी चौकशी केली. जोडाक्षराला अडखळला की वर्गात मुलं हसायची, म्हणून त्याने मोठ्याने वाचणंच सोडलं होतं. मग त्याला एका मित्रासोबत जोडीने वाचायला बसवलं. काही आठवड्यांनी तो वर्गासमोरही वाचू लागला. मुलगा शिकत होताच, माझ्या वर्गात त्याला वाट नव्हती. शेरा मीच खोडला.

तेव्हा मुलाबद्दल 'खुंटला' असं लिहिण्याआधी एकदा विचारा : पाणी कुठे अडलंय?

मुलांसाठी सराव (योग्य शब्द निवडा : स्टिलनेस, स्टँडस्टिल, स्टॅग्नेशन)

1. संपामुळे बससेवा ठप्प झाली.
2. पाच वर्षे कारखान्याचे उत्पादन तेवढेच राहिले.
3. रात्री रानात निश्चल शांतता होती.

उत्तरे : 1. स्टँडस्टिल 2. स्टॅग्नेशन 3. स्टिलनेस