हिवाळ्यातील कुत्रा आणि भिंतीतील गोचीड

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाटणकडील एका वाटाणा उत्पादकाचा दूरध्वनी आला. “डॉक्टरसाहेब, कुत्र्याला गोचीड फार झाले आहेत. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी आणलेले औषध घरात उरले आहे. ते लिटरला किती मिली घालावे?” उत्तर एकच होते : एक थेंबही नाही. हा प्रश्न दर हिवाळ्यात कोणी ना कोणी विचारतोच. काही वेळा मात्र तो विचारण्यापूर्वीच फवारणी झालेली असते.

थंडीत गोचीड मरतात, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड (हा कीटक नव्हे, आठ पायांचा, कोळ्याच्या नात्यातील जीव) घरातच आपले संपूर्ण जीवनचक्र पूर्ण करू शकतो. अळी, अर्भक आणि प्रौढ या तिन्ही अवस्थांत तो कुत्र्याचे रक्त शोषतो. परंतु प्रत्येक वेळी पोट भरताच खाली गळून पडतो आणि भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे, खाटेच्या सांध्यात शिरतो. तेथेच तो कात टाकतो व तेथेच मादी चार हजारांपर्यंत अंडी घालते. म्हणजे अंगावर दिसणारे गोचीड हे एकूण संख्येचा लहानसा भाग असतात. जबलपुरात जानेवारीच्या रात्री पारा ८ ते १० अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा त्यांची वाढ मंदावते, थांबत नाही. चुलीजवळच्या भिंतीत तर ती विशेष मंदावतही नाही.

सुट्ट्यांचा संबंध येथे येतो. नाताळापासून संक्रांतीपर्यंत अनेक कुटुंबे गावी जातात आणि कुत्रा नातेवाइकांकडे ठेवला जातो. घर रिकामे राहिले म्हणून गोचीड संपत नाहीत. प्रौढ गोचीड अन्नावाचून कित्येक महिने तग धरतो. गतवर्षी आम्ही आठ दिवसांनी परतलो, तेव्हा कुत्र्याच्या कोपऱ्यावरील भिंतीवर, अगदी छतापर्यंत, गोचीड चढत होते. कीटकशास्त्रज्ञाच्या घरी हे घडावे, याची थोडी लाज वाटली. जाण्यापूर्वी भेगा सिमेंटने बुजवल्या असत्या, तर पुढील महिनाभराचा त्रास वाचला असता.

शेतीच्या औषधांविषयी अधिक स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके कातडीतून शोषली जातात, आणि कुत्रा अंग चाटतो म्हणून पोटातही जातात. लाळ गळणे, बाहुली बारीक होणे, स्नायू थरथरणे ही विषबाधेची लक्षणे होत. अशा वेळी औषधाची बाटली सोबत घेऊन तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे. जबलपूर परिसरात पशुवैद्यक महाविद्यालयाच्या चिकित्सालयाची सोय आहे. जनावरांसाठीचे अमिट्राझ कुत्र्यांनाही वापरतात, परंतु ते हृदयाची गती व शरीराचे तापमान उतरवते. कडाक्याच्या थंडीत सायंकाळी त्याने भिजवलेला कुत्रा गारठून पडू शकतो. वापरायचेच असेल तर लेबलावरील मात्रेने, उन्हाच्या वेळी, आणि अंग पूर्ण सुकेपर्यंत लक्ष ठेवून. गाईसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुत्र्याला अंदाजाने देऊ नये. फ्लुरालानेर (सुमारे १२ आठवडे परिणामकारक) किंवा अफोक्सोलानेर (एक महिना) यांच्या गोळ्या वजनानुसार पशुवैद्यकाने द्याव्यात. फिट्स येणाऱ्या कुत्र्याबाबत तसे आधी सांगावे. परमेथ्रिनयुक्त औषध कुत्र्याला लावल्यास घरातील मांजर दूर ठेवावे, तिला ते विष ठरते.

थोडे गोचीड असल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावेत व साबणाच्या पाण्यात टाकावेत. बोटांनी चिरडू नयेत. ताप, भूक मंदावणे, नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसल्यास एर्लिकियासिस या गोचीडजन्य रोगाची शंका घ्यावी आणि रक्ततपासणी करून घ्यावी.

अंथरुणासाठी भाताचा पेंढा उत्तम. मात्र तो आठवड्यास बदलावा. जुना पेंढा अंगणात पसरून ठेवू नये, जाळून टाकावा. पोते वापरत असल्यास ते उकळत्या पाण्यातून काढावे.

सणाच्या ताटाविषयी थोडक्यात : मनुके, चॉकलेट, कांदा-लसूण घातलेले पदार्थ कुत्र्याला देऊ नयेत. मनुक्यांनी मूत्रपिंड निकामी होते, कांद्याने तांबड्या पेशी फुटतात.

याहून मोठा धोका शेतात आहे. गव्हाच्या हंगामात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवले जाते. ते खाल्ल्यास जठरातील आम्लामुळे फॉस्फीन वायू तयार होतो. म्हणून आमिष बिळात खोल घालून तोंड बुजवावे, मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून पुरावेत आणि तेवढे दिवस कुत्रा बांधून ठेवावा. विष पोटात गेल्याची शंका आल्यास घरी उलटी करवू नये. बाहेर पडणारा वायू माणसालाही घातक असल्याने, वाहनाच्या काचा उघड्या ठेवूनच कुत्र्याला दवाखान्यात न्यावे.