हायड्रोजनचे हलके कोठार

हायड्रोजन हे सर्व मूलद्रव्यांत हलके होय. त्याच्या ज्वलनातून धूर निघत नाही; पाणी तयार होते. म्हणून वाहनांचे निर्मळ इंधन या दृष्टीने शास्त्रज्ञ त्याच्याकडे आशेने पाहतात. परंतु हे इंधन सोबत न्यावयाचे कसे? वायुरूपात ते फार जागा व्यापते. मोटारीच्या टाकीत भरावयाचे तर त्यास वातावरणाच्या सुमारे ७०० पट दाब द्यावा लागतो. एवढा दाब सोसणारी टाकी आतील वायूच्या कित्येक पट जड असते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत होते!

यावर एक उपाय आहे. काही धातू हायड्रोजन शोषून घेतात व तापविले असता तो परत देतात. धातू व हायड्रोजन यांच्या अशा संयुगास हायड्राइड म्हणतात. मात्र लोखंड व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूत वजनाच्या दोन टक्क्यांहूनही कमी हायड्रोजन मावतो. पाच किलोग्रॅम हायड्रोजनासाठी अडीचशे किलोग्रॅमहून अधिक धातू वाहावा लागेल.

मग हलकेच धातू का योजू नयेत? लिथियम हा सर्वांत हलका धातू. बेरिलियमही ॲल्युमिनियमहून हलका. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी या दोहोंचे हायड्राइड तयार करून त्याची माहिती २००० साली प्रसिद्ध केली. हे संयुग १५० अंश सेल्सिअस तापमानास वजनाच्या आठ टक्क्यांहून अधिक हायड्रोजन सोडते व पुन्हा घेते. म्हणजे तेवढ्याच पाच किलोग्रॅमांसाठी साठ-पासष्ट किलोग्रॅम संयुग पुरेल.

तथापि या गुणापाठी एक मोठा दोष दडलेला आहे. पाचूच्या रत्नात निरुपद्रवी असणारे बेरिलियम धुळीच्या रूपाने श्वासावाटे आत गेले, तर फुप्फुसांना दुर्धर रोग जडू शकतो. अमेरिकेत प्रकाशनळ्यांच्या कारखान्यांतील कामगारांना याचा कटू अनुभव आला. १९४९ साली तेथे त्या कामी बेरिलियमचा वापर थांबविण्यात आला. शिवाय हा धातू महागही आहे. त्यामुळे हे संयुग वाहनांत आले नाही.

वजनाच्या कसोटीस ते पूर्ण उतरले. परंतु अपघातात टाकी फुटली, तर ती धूळ कोणाच्या श्वासात जाईल, हेही शोधकाला पाहावे लागते. त्या कसोटीस ते उतरले नाही.

स्वाध्याय
१. हायड्रोजन वाहून नेण्यात कोणती अडचण येते?
२. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण येथे कशी लागू पडते?