घड्याळाचं नाव आणि आपलं नाव

आरमोरीकडच्या कोसा विणणाऱ्या घरातली बी.कॉम.ची एक मुलगी मध्यंतरी वडिलांना घेऊन भेटायला आली. वडिलांची तक्रार सरळ होती. "सर, पोरगी दिवसभर मोबाईल घेऊन बसते. विचारलं तर म्हणते, धंद्याचंच काम करून राहिली."

मी मोबाईल मागितला. तिने वडिलांसाठी लिंक्डइनवर खातं उघडलं होतं. माणसाच्या नावाच्या जागी दुकानाचं नाव, फोटोच्या जागी गणपती आणि खाली ओळ, 'फाउंडर अँड सीईओ, पॅशनेट आंत्रप्रेन्युअर, क्वालिटी इज अवर मोटो'. वडिलांची हयात मागावर गेलेली, पण अख्ख्या प्रोफाइलमध्ये कोसा हा शब्द नव्हता. आरमोरीही नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "गडचिरोली लिहिलं की लोकं मालाचं सोडून नक्षलवादाचंच विचारतात."

तिला मी दादाजी खोब्रागडे यांची गोष्ट सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे हे लहान शेतकरी. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुढची काही वर्षं पेरून, निवडून बियाणं पक्कं केलं. बारीक, चवीचा तांदूळ. बियाणं गावोगाव गेलं, पण त्याला नाव दिलं ते एका व्यापाऱ्याने, आणि तेही त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचं. एचएमटी. पुढे १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने, आपण शुद्ध केलेलं वाण म्हणून, 'पीकेव्ही एचएमटी' बाजारात आणलं. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतलं. २०१८ मध्ये ते गेले. आजही विदर्भात एचएमटीचा भात जेवणाऱ्या किती जणांना नांदेड गाव आठवतं? त्यांच्या नंतरच्या एका वाणाचं नाव मात्र डीआरके आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे. हे मला फार मोलाचं वाटतं.

धंद्याचं प्रोफाइल सुधारायचं म्हणजे मला तरी एवढंच कळतं की माल, माणूस आणि गाव यांची ताटातूट होऊ द्यायची नाही.

मग आम्ही तिथेच कामाला बसलो. आधी खातं माणसाच्या नावावर केलं. लिंक्डइनवर व्यक्तीचं खातं व्यक्तीच्याच नावाने लागतं, व्यवसायासाठी वेगळं पान काढता येतं. पुष्कळ दुकानदार इथेच चुकतात, आणि असं खातं नियमात बसत नसल्याने बंदही पडू शकतं. नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची जागा असते, पण मोबाईलवर शोधणाऱ्याला तिची सुरुवातच दिसते. म्हणून 'फाउंडर' मागे गेला. पुढे आलं, 'आरमोरी, गडचिरोली येथे हातमागावर कोसा साड्या आणि कापड, बुटीक व घाऊक खरेदीदारांसाठी'. बेंगळुरूच्या बुटीकवाल्याला कोसा कळत नाही, तो टसर शोधतो, म्हणून इंग्रजी प्रोफाइलमध्ये टसर घातलं. एकाच खात्याचं दुसऱ्या भाषेतलं रूपही ठेवता येतं, त्यासाठी दोन खाती नकोत.

परिचयाच्या मजकुराला खरा वेळ लागला. तिथे पहिल्या दोन-तीन ओळीच उघड्या दिसतात, बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं. मुलगी 'आमचा ध्यास' वगैरे लिहू लागली. मी वडिलांना म्हटलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, "ऐनाच्या, अर्जुनाच्या झाडावर कोसा पोसतात. कोष शिजवाचा, धागा काढाचा, मंग माग. एका साडीले पाच दिवस. महिन्याच्या पाच-सहाच्या वर नाही होत." मुलगी म्हणाली, हे नका लिहू, मोठी ऑर्डर जाईल. मी म्हटलं, हेच लिही. पन्नास साड्या पंधरा दिवसांत मागणारा मग येणारच नाही, आणि सहा साड्यांसाठी दोन महिने थांबणारं गिऱ्हाईक पक्कं होईल.

प्रोफाइल कसं असावं हे शिकायला आपल्या लोकांना शहरात जायची गरज नाही, असं मला नेहमी वाटतं. वडशाला जा. झाडीपट्टी नाटकांच्या मंडळ्यांची ऑफिसं आणि त्यांची पोस्टरं पाहा. नाटक कोणतं, कलावंत कोण, बुकिंगला फोन कुठे करायचा, सगळं एका नजरेत. शंकरपटाच्या गर्दीतून जाणाऱ्या माणसालाही कळतं. 'आम्हाला रंगभूमीची आवड आहे' असं त्यावर कुणी छापत नाही.

हे सगळ्यांनीच करावं असं मात्र नाही. मूलच्या किराणा दुकानाला गुगल मॅपवरची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरे. लिंक्डइन कामाचं तिथे, जिथे गिऱ्हाईक स्वतःच धंदेवाईक आहे. बांबूच्या वस्तू, राईस मिल, बल्लारपूर-चंद्रपूरकडचं मशीन दुरुस्तीचं वर्कशॉप, सहली आणणाऱ्या कंपन्यांशी बोलणी करणारा मोहर्लीचा होमस्टे. होमस्टेवाल्यांना तर वेळही आयता मिळतो. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा गाभा पर्यटनाला बंद असतो, तेव्हा प्रोफाइल झाडून-पुसून घ्यावं.

विश्वासाचं काय? उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असल्याचं लिहा, पण आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाचे फोटो टाकू नका. शिफारस जुन्या गिऱ्हाइकाकडून घ्या, आणि 'खूप छान सेवा'पेक्षा 'रंग उतरला नाही, सांगितलेल्या तारखेला पार्सल आलं' अशी मागा. मोठ्या निर्यातीची ऑर्डर देतो, आधी नोंदणी फी भरा, असा निरोप आला तर ऑर्डर सोडून द्या.

आता पालकांसाठी. लिंक्डइनवर खातं उघडायला वयाची १६ वर्षं पुरी लागतात, म्हणजे अकरावी-बारावीतली मुलंही हे करू शकतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडून मोबाईल धरा, असं मी सांगत नाही. आठवड्यातून दोन तास खूप झाले. पण या मुलीने वर्षभर गिऱ्हाइकांना उत्तरं दिली, किमती ठरवल्या, पार्सलं पाठवली, तर तो अनुभवच आहे. पगार मिळाला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. तिने स्वतःच्याही प्रोफाइलमध्ये तो लिहावा, 'घरच्या कोसा व्यवसायाची विक्री आणि पत्रव्यवहार सांभाळते', कधीपासून त्या महिन्यासकट. उद्या गोंडवाना विद्यापीठातून पदवी घेऊन ती बँकेत मुलाखतीला गेली तर सांगायला तिच्याकडे काहीतरी असेल. वडिलांना हे पटलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना.

फोटो तेवढा राहिला. वडिलांनी खिशातून पासपोर्ट साईजचा फोटो काढून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, हा नको, मागावर बसलेला हवा. मुलगी उत्साहाने म्हणाली, आज घरी गेल्यावर काढते.

"आज नको," वडील म्हणाले. "मागावर ताणा चढवला नाही अजून. रिकाम्या मागावर कोण बसते? सोमवारी चढवतो, मंग काढ."