मास्कमधला कोळसा : किती भरवसा ठेवावा?



आपल्या वस्तीतले अनेक बांधव रंगकाम, पॉलिश आणि गटारसफाईला जातात. काहींना ठेकेदाराकडून डबीचा मास्क मिळतो. डबीतले काळे दाणे म्हणजे सक्रिय कोळसा. तो काय करतो आणि काय करू शकत नाही, हे घरातल्या सर्वांनी समजून घ्यावे.

नारळाची करवंटी किंवा लाकूड कमी हवेत तापवून कोळसा करतात. मग तो वाफेत ८०० ते १००० अंशांपर्यंत तापवतात. त्यामुळे त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅम कोळशातल्या छिद्रांच्या भिंती पसरल्या, तर साधारण १००० चौरस मीटर जागा भरेल. थिनरची वाफ याच भिंतींना चिकटते. याला अधिशोषण म्हणतात.

वाफ घेताना कोळशाचा आकारही बदलतो. अरुंद बोळात दोनच माणसे असली, तर ती हात लांबवून दोन्ही भिंती आपल्याकडे ओढू शकतील. बोळ गच्च भरला, की तीच गर्दी भिंतींना बाहेर रेटते. तसेच अतिसूक्ष्म छिद्रांत वाफेचे थोडे कण शिरले, की कोळसा किंचित आक्रसतो. छिद्रे भरली, की फुगतो. कोळसा असा फुगतो हे मीहान या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मोजून दाखवले. हा फरक बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. म्हणून डबी भरली की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

यातून घ्यायचा धडा असा :

१. भरलेली डबी पुढची वाफ अडवत नाही. ठरलेल्या मुदतीत ती बदला. मास्क लावूनही वास आला, तर ताबडतोब मोकळ्या हवेत या.

२. उघडी ठेवलेली डबी हवेतलीच वाफ आणि ओल घेत राहते. ती बंद पिशवीत ठेवा. उन्हात वाळवून ती नवी होत नाही.

३. चुलीतला कोळसा रुमालात बांधून मास्क होत नाही.

४. कोळसा प्राणवायू देत नाही. साधी डबी कार्बन मोनॉक्साइडही अडवत नाही, आणि त्या वायूला वासही नसतो. गटारातला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला, तर नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. म्हणून डबीचा मास्क लावून मॅनहोलमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये कधीही उतरू नका.

५. आत कोणी बेशुद्ध पडले, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा.

सुरक्षा साधने आणि खबरदारी न घेता माणसाला गटारात उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. "मास्क दिलाय ना, उतर" असे कोणी म्हणाले, तर ठामपणे नाही म्हणा. तपासल्याशिवाय काही मानू नका, ही तथागतांची शिकवण आहे. ती मास्कलाही लागू आहे.