आलेख काढताना खोडरबर दूर ठेवा



वाणिज्य शाखेच्या मुलाने शास्त्राच्या आलेखावर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आलेखाचे आणि व्यापाराचे नाते जुने आहे. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे रेषालेख होते आणि स्कॉटलंडच्या व्यापाराचा एक स्तंभालेखही होता. तेव्हा या विषयावर थोडासा हक्क आमचाही आहे!

माझा चुलतभाऊ नववीत मराठी माध्यमात शिकतो; शेजारचा मुलगा त्याच इयत्तेत, पण कन्नड माध्यमात. दोघांना आलेख शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. मी ‘आलेख’ म्हणालो की शेजारचा गोंधळे आणि तो ‘नक्षे’ म्हणाला की माझ्या भावाला भूगोलाचा नकाशा आठवे. शेवटी प्रत्यक्ष काढूनच दाखवायचे ठरले. घरी पातेल्यात पाणी तापत ठेवले, तापमापी तळाला टेकू नये म्हणून दोऱ्याने टांगली आणि दर दोन मिनिटांनी तापमान टिपले.

१) आधी कोष्टक. आकडे सुट्या चिठोऱ्यावर न लिहिता कोष्टकात लिहावेत. आमचे आकडे असे आले :

वेळ (मिनिटे) : ०, २, ४, ६, ८, १०, १२, १४
तापमान (अंश सेल्सिअस) : २६, ४१, ५७, ७२, ८६, ९५, ९७.५, ९७.५

२) कोणता अक्ष कशाला? जी राशी आपण ठरवून घेतो ती आडव्या क्ष-अक्षावर. तिच्याबरोबर जी बदलते ती उभ्या य-अक्षावर. वेळ आम्ही ठरवली, म्हणून ती आडवी. अक्षावर नुसते ‘तापमान’ लिहून भागत नाही, एकक हवेच.

३) प्रमाण. बहुतेकांचे गणित इथेच चुकते. एका सेंटिमीटरला १, २, ५ किंवा १० असे सोपे प्रमाण घ्यावे. ३ किंवा ७ घेतल्यास मधले आकडे बसवताना नाकी नऊ येतात. आलेखाने निम्म्याहून अधिक कागद व्यापावा. आम्ही क्ष-अक्षावर १ सेंमी = १ मिनिट आणि य-अक्षावर १ सेंमी = ५ अंश असे प्रमाण घेतले. त्यामुळे एक बारीक घर अर्ध्या अंशाचे झाले आणि ९७.५ नेमके रेघेवर बसले. तेच १ सेंमी = २० अंश घेतले असते, तर ९७.५ आणि १०० यांत जेमतेम सव्वा मिलिमीटर अंतर उरले असते आणि पाहणाऱ्याला ते शंभरच वाटले असते.

४) बिंदू आणि रेषा. पेन्सिलीला टोक काढून बारीक बिंदू द्यावा व त्याभोवती लहान वर्तुळ करावे. बिंदू पट्टीने तुकड्यातुकड्यांनी जोडू नयेत. त्यांच्या कलाने एक सलग रेषा काढावी. आमची रेषा आधी सरळ चढली, दहाव्या मिनिटापासून वाकली आणि शेवटी आडवी झाली. उष्णता मिळत असूनही उकळत्या पाण्याचे तापमान वाढत नाही, हे त्या आडव्या तुकड्याने एका नजरेत सांगितले.

पण तो तुकडा पाहून शेजारचा मुलगा म्हणाला, “अण्णा, तप्पु! पुस्तकात शंभर आहे.” आणि त्याने खोडरबर उचलला.

मी त्याचा हात धरला, कारण शाळेत असताना मी नेमके हेच केले होते. माझेही पाणी शंभरापर्यंत पोचले नव्हते. मी मुकाट्याने आकडे बदलले, सुबक आलेख काढला आणि मला पूर्ण गुण मिळाले. चूक कोणाच्या लक्षात आली नाही. मला मात्र ते गुण आजही आपले वाटत नाहीत.

खरे म्हणजे चूक आकड्यांत नव्हतीच. पाणी १०० अंशांना उकळते ते समुद्रसपाटीजवळच्या हवेच्या दाबाला. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि साधारण दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. म्हणजे आपल्याकडे पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळणार. माझ्या वहीतला तो आकडा माझ्या गावाची उंची सांगत होता आणि मी तोच खोडून टाकला!

पुढे वाणिज्य शाखेत आलो तेव्हा पहिल्याच वर्षी ऐकले, की हिशेबाच्या वहीत खाडाखोड करायची नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारून योग्य आकडा शेजारी लिहावा. मूळ आकडा वाचता आला पाहिजे. शास्त्राच्या वहीलाही हाच नियम लावावा. एखादा बिंदू रेषेपासून फारच दूर पडला, तर पुन्हा मोजावे आणि कारण शोधावे. पण तो पुसू नये.

दोघांनीही आलेखाला शीर्षक दिले, खाली गाव आणि तारीख लिहिली. एकाने मराठीत लिहिले, दुसऱ्याने कन्नडमध्ये. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले, तेव्हा रेषा तंतोतंत जुळल्या.

आता एक विनंती. सुट्टीत कोणी कारवारला किंवा वेंगुर्ल्याला गेले, तर तिथेही हा प्रयोग करावा. निपाणीची उंची बेळगावपेक्षा कमी आहे. निपाणीकरांनी आपलाही आकडा घ्यावा. तिन्ही रेषा एकाच कागदावर काढून पाहाव्यात. आकडे जे येतील तेच मांडावेत.