पत्रावळ वडाचीच का?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वड, पिंपळ आणि उंबर ही झाडे दिसायला वेगळी. पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती एकाच घराण्यातली भावंडे आहेत. तिन्ही 'फायकस' या प्रजातीत मोडतात. लिनियसने १७५३ साली त्यांना अनुक्रमे बेंगालेन्सिस, रिलिजिओसा आणि रेसिमोसा ही नावे दिली.

माझी आई पत्रावळी लावते. ती शाळेत गेलेली नाही. लहानपणी मी तिला विचारले होते, "पिंपळ तर दारातच आहे, मग वडाच्या पानांसाठी एवढं लांब कशाला जायचं?" ती म्हणाली, "पिंपळाचं पान काडी टोचली की चिरतं, अन् उंबराचं वाळलं की चुरा होतो."

या उत्तराचा शोध यंदा मी घेतला. प्रथम साम्य पाहू. तिन्हींची पाने फांदीवर एकाआड एक येतात. पान खुडले की पांढरा चीक येतो. कोवळ्या कोंबावर उपपर्णांची टोपी असते. ती गळून पडली की फांदीभोवती कंगणासारखा वण राहतो. या तीन खुणांवरून घराणे ओळखावे.

आता फरक. वडाचे पान लंबगोल, जाड, चामड्यासारखे असून देठ आखूड व भक्कम असतो. पिंपळाचे पान हृदयाकृती. टोकाला लांब शेपटी, देठ लांब व सडपातळ. म्हणूनच वाऱ्याची झुळूक नसल्यासारखी वाटली तरी पिंपळ सळसळतो. त्याचे पान पाण्यात कुजवले, तर मऊ भाग निघून जाऊन शिरांची सुंदर जाळी उरते. उंबराचे पान निमुळते व पातळ असते आणि त्यावर पुष्कळदा किडीमुळे आलेल्या गाठी दिसतात.

विज्ञान शाखेतील मित्राने मला वडाच्या पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. पुष्कळ वनस्पतींच्या पानांत बाह्यत्वचा पेशींच्या एकाच थराची असते. वडात मात्र वरच्या बाजूला एकाहून अधिक थर आहेत. त्यावर मेणचट आवरण. त्याखाली हरितद्रव्याने भरलेल्या उभ्या पेशी दाटीने उभ्या होत्या. मधूनच एखाद्या मोठ्या पेशीत कॅल्शियम कार्बोनेटचा खडा लटकलेला दिसला. सौम्य आम्लाचा थेंब टाकताच त्यातून बुडबुडे आले. वडाच्या पानाचा चिवटपणा या जाड बांधणीत आहे. अन्न वाढले तरी ते लगेच भिजत नाही, टोचले तरी सहसा चिरत नाही.

म्हणजे आईने बोटांनी जे ओळखले होते, तेच मी भिंगातून पाहिले. महाविद्यालयात प्रवेश घेताना अर्जावर आईच्या व्यवसायापुढे मी 'घरकाम' असे लिहिले होते. पत्रावळींचा उल्लेख करायला लाज वाटली होती.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरायचा आहे. त्या रकान्यात आता खरे ते लिहीन.